ऑपरेशननंतर म्हातारं माणूस अचानक भ्रमल्यासारखं वागतंय? सीमाभागातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आई बेळगावातल्या वडगावची. चाळीसेक वर्षं तिनं मागासाठी कांड्या भरल्या. तीन वर्षांपूर्वी ऐन आषाढात ती मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं. त्यानंतरच्या दुसऱ्या रात्री ती पलंगावर बसून हवेत कांड्या भरायला लागली. डाव्या हाताच्या चिमटीत न दिसणारा धागा, उजवा हात गरगर फिरतोय. मधेच धागा तुटला की बोट जिभेला लावून ओलं करायचं आणि गाठ मारायची. मी जवळ गेलो तर म्हणाली, "शेटजी, एवढी कांडी झाली की जाते."

आई त्यातून बाहेर आली. पण ही गोष्ट गल्लीत पसरली आणि तेव्हापासून येळ्ळूर, खानापूर, निपाणी, अगदी अथणीकडूनही ओळखी-पाळखीनं फोन येतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून ते एकदा लिहून काढले. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवतो. इथं जे आहे ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि अंगावर पडल्यामुळे शिकलेलं आहे.

सासूबाई कालपर्यंत ठीक होत्या. आज मला ओळखत नाहीत, भिंतीवर माणसं बसलीत म्हणतात. वेड लागलं का?

नाही. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. आपल्या आज्ज्यांकडे याला जुना शब्द आहे, वात. तापात माणूस 'वातात बरळतो' म्हणतात, तेच हे. शरीरात कुठंतरी बिघाड झालाय आणि त्याचा धक्का मेंदूला बसलाय.

ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. हे अचानक सुरू होतं, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत. त्यात चढ-उतार असतो, सकाळी बरं आणि दिवेलागणीनंतर बिघडतं. आणि लक्ष एका जागी टिकत नाही. तुम्ही बोलताय तोवर नजर पंख्याकडे, मग दाराकडे, मग चादरीच्या सुतांकडे.

खुबा मोडून ऑपरेशन झालेल्या वयस्कर माणसांत हे साधारण पाचातल्या एकाला तरी होतं, काही पाहण्यांत प्रमाण याहून बरंच जास्त आढळलंय. म्हणजे तुमच्या घरावर काही आगळं संकट कोसळलेलं नाही. पण सर्रास होतं म्हणून दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

एक अडचण मात्र प्रत्येकाला येते. सकाळी दहाला डॉक्टर राउंडला आले की आज्जी शहाण्यासारखी बोलते, नमस्कार करते आणि आपण खोटे पडतो. त्यावर उपाय सोपा आहे. रात्रीचं वागणं मोबाइलवर अर्धा मिनिट चित्रित करून ठेवा आणि सकाळी दाखवा. नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. तिची अब्रू आहे ती.

पूर्ण भूल दिल्यामुळे झालं का? कमरेत सुई दिली असती तर टळलं असतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा विचारणारा स्वतःला दोष देत असतो, की आपणच भुलीच्या कागदावर सही केली. खुब्याच्या ऑपरेशनांसाठी तरी याचं उत्तर मिळालेलं आहे. २०२१ आणि २०२२ मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, एक अमेरिका-कॅनडातला आणि दुसरा चीनमधला. पूर्ण भूल आणि कमरेखालची भूल यांची थेट तुलना केली, तर डेलिरियमच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. सही केली म्हणून जीव जाळू नका.

मग कशामुळे? डॉक्टर म्हणतात "वय झालंय, होतं असं."

वय हे कारण नव्हे. वय म्हणजे सुकलेला पेंढा, ठिणगी वेगळी असते आणि ती शोधावी लागते. बऱ्याचदा एक नसते, तीन-चार मिळून असतात. आईच्या बाबतीत तपासलं तेव्हा सोडियम १२१ निघालं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं. वरून पाच दिवस पोट साफ नव्हतं, आणि लघवीची नळी काढल्यावर लघवी नीट होतच नव्हती, आत साठून राहिली होती. ही शेवटची गोष्ट मला कळायला दोन दिवस लागले, कारण चादर ओली होत होती. थेंब थेंब गळते म्हणजे मूत्राशय रिकामं होतं असं नाही, भरून वाहतं तेव्हाही गळतं. पोटावर हात ठेवला की ती कळवळायची आणि आम्हाला वाटायचं, जखम दुखतेय.

तेव्हा "वय झालंय" ऐकून गप्प बसू नका. आवाज न चढवता एकेक विचारा. सोडियम, साखर आणि किडनीचे रिपोर्ट आज केलेत का? ऑक्सिजन किती आहे? लघवीत किंवा छातीत जंतुसंसर्ग आहे का? म्हाताऱ्यांत ताप न येताही संसर्ग असू शकतो. लघवी पूर्ण होते का, पोट शेवटचं कधी साफ झालं? रक्त किती कमी झालंय? दुखणं नीट थांबलंय का? न थांबलेलं दुखणंही भ्रम आणतं आणि दुखणं थांबवायची जड औषधंही आणतात, त्यामुळे तोल डॉक्टरांनाच साधावा लागतो.

सोडियम कमी आहे म्हटल्यावर घरून मिठाचं पाणी आणून पाजू नका. आमच्या एका नातेवाइकानं तेच सुचवलं होतं. ते हळूहळू, मोजून-मापून वाढवावं लागतं, फार झपाट्यानं वाढलं तर मेंदूलाच इजा होते.

आणि औषधांची यादी बघायला सांगा. खाज किंवा रिअॅक्शन येऊ नये म्हणून सर्रास टोचतात ते अॅव्हिल, उलटी-झोपेसाठीचं प्रोमेथझिन, पोटात कळ आली की देतात ते डायसायक्लोमिन, झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, दुखण्यासाठीचं ट्रामाडॉल. तरुणाला यांनी फारतर गुंगी येईल, सत्तरीच्या पुढच्या मेंदूला ती भारी पडू शकतात. "यातलं काही बंद करता येईल का?" एवढंच विचारायचं. स्वतः बंद करायचं नाही.

आई मिसरी लावते, हे डॉक्टरांना सांगायचं का? लाज वाटते.

सांगाच. निपाणीचा तंबाखू आपल्या घराघरांतल्या बायकांच्या दातांवर आहे, कुणाला फसवतोय आपण? पन्नास वर्षं दिवसातून चारदा मिसरी लावणारी बाई दवाखान्यात पडल्यावर तिची मिसरी एका दिवसात तुटते. तपकीर आणि विडीचंही तेच. त्यातून चिडचिड, अस्वस्थपणा, झोप उडणं हे सगळं होतं. डॉक्टरांना माहीत असेल तर निकोटिनचा पॅच देता येतो का ते बघतील. चोरून मिसरीची डबी देऊ नका.

दारूचं मात्र याहून गंभीर आहे. वडील रोज 'थोडीशी' घेत असतील तर ऑपरेशनच्या आधीच, नेमकी किती ते न लपवता सांगा. रोजची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांनी हात थरथरणं, घाम, फिट्स आणि भयंकर भ्रम येऊ शकतो आणि त्यात जीवही जातो. याची औषधं वेगळी असतात. आईसमोर, सुनेसमोर सांगायला माणूस कचरत असेल तर डॉक्टरांना बाहेर गाठून सांगा.

आमच्या आबांचा काहीच त्रास नाही. नुसते झोपून असतात, हाक मारली की हूं म्हणतात. हे चांगलंच ना?

नाही, मला याचीच जास्त भीती वाटते. ओरडणाऱ्या रुग्णाकडे अख्खा वॉर्ड धावतो. गुमसुम पडलेल्याला "बिचारे थकलेत, झोपू दे" म्हणून सगळे बाजूला होतात. डेलिरियमचा हा दुसरा प्रकार, आणि म्हाताऱ्यांत तोच पुष्कळदा नजरेतून सुटतो. माणूस खात नाही, पाणी पीत नाही, कूस बदलत नाही. मग पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो.

एरवी आबा सकाळी पेपर आल्याशिवाय चहाला हात लावत नव्हते आणि आता पेपर पुढ्यात धरला तरी डोळे मिटतात, तर ते थकलेले नाहीत, आजारी आहेत. सिस्टरना स्पष्ट सांगा, "हे असे नव्हते, परवापासून असे झालेत." तुमच्या घरातलं माणूस मूळचं कसं होतं, हे दवाखान्यात फक्त तुम्हाला माहीत असतं.

सिस्टर कन्नडमध्ये विचारतात. आज्जीला थोडं कन्नड येतं, पण आता ती उत्तरच देत नाही. ती भ्रमात आहे की भाषा कळत नाही?

हा खास आपल्या भागातला प्रश्न. माझ्या आईला बाजारापुरतं कन्नड चांगलं यायचं, भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकं. ऑपरेशननंतर ते पार पुसलं गेलं. सिस्टर मायेनंच विचारायची, "अज्जी, ऊट आयता?" आई तिच्याकडे बघत राहायची. सिस्टरनं वहीत लिहिलं, प्रतिसाद नाही. मी मराठीत विचारलं, "आई, जेवलीस काय?" तर म्हणाली, "कधीचं! झुणका होता." जेवण झालं नव्हतं आणि झुणका तर नव्हताच. म्हणजे भ्रम होता, पण प्रतिसाद नव्हता असं नाही. दोन्ही गोष्टी उपचाराच्या दृष्टीनं वेगळ्या आहेत.

मेंदू थकला की मागून शिकलेली भाषा आधी हातची जाते, हे मी चार-पाच घरांत पाहिलंय. उलटही होतं. लग्न करून मराठी घरात आलेली, बैलहोंगलकडची एक आज्जी चाळीस वर्षांनी नातवांशी कन्नडच बोलायला लागली आणि नातवांना काही कळेना. तेव्हा तपासणीच्या वेळी रुग्णाची आईभाषा बोलणारं घरचं माणूस हजर असू द्या आणि सिस्टरना वाद न घालता सांगा, "तुम्ही विचारा, मी मराठीत करून विचारतो." यात राजकारण आणू नका, सिस्टरला पस्तीस रुग्ण असतात. रोज लागणारे आठ-दहा शब्द (पाणी, दुखतंय, लघवी, थंडी, पडदा लाव) दोन्ही भाषांत कागदावर लिहून आम्ही पलंगाच्या डोक्याशी चिकटवले होते. त्याचा उपयोग आईपेक्षा रात्रपाळीच्या सिस्टरना जास्त झाला.

ओळखायची काही सोपी चाचणी आहे का?

आहे. 'फोर ए टी' नावाची छोटी चाचणी जगभर वापरतात, दोन-तीन मिनिटांची. त्यात माणूस किती जागं आहे ते बघतात, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू साल विचारतात, वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावतात, आणि बदल अचानक झाला का, कमी-जास्त होतोय का ते नोंदवतात. गुण डॉक्टरांना देऊ द्या.

पण आपल्या आज्ज्यांची जन्मतारीख आधार कार्डावर १ जानेवारी असते आणि ती त्यांना कधीच माहीत नव्हती, हे ध्यानात ठेवा. शाळा न शिकलेल्या बाईला डिसेंबर, नोव्हेंबर म्हणायला लावणं हा अन्याय आहे. मी आठवड्याचे वार उलटे विचारायचो. शनिवारापासून शुक्रवार, गुरुवार. धडधाकट म्हातारी थोडी अडखळत म्हणते. भ्रमातली बाई दोन वार म्हणते, मग बुधवारच्या बाजाराची गोष्ट सांगायला लागते आणि तिथंच हरवते. रोज एकाच वेळी विचारा, चढ-उतार कळतो.

रात्री तिच्याजवळ बसून नेमकं काय करू?

याला औषध फारसं नाही, असं ऐकून माणसं निराश होतात. खरं तर बसणारं माणूस हेच मोठं औषध आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवर एक अभ्यास झाला. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याबरोबर साध्या गोष्टी: वेळ-ठिकाण सांगत राहणं, चालवणं, रात्री झोपू देणं, चष्मा आणि कानाचं मशीन लावणं, पाणी पाजणं. पहिल्या गटात १५ टक्क्यांना डेलिरियम झाला, दुसऱ्यात ९.९ टक्क्यांना. नवीन गोळी एकही नव्हती.

तेव्हा सगळ्यात आधी घरी धावा आणि चष्मा, कानातलं मशीन, कवळी घेऊन या. ऑपरेशनच्या आधी हे सगळं आपण रुमालात बांधून घरी पाठवतो आणि विसरतो. आई दोन दिवस चष्म्याविना होती. सलाईनचा स्टँड तिला माणूस वाटत होता, यात तिची काय चूक?

समोरून, उजेडात जा आणि आधी स्वतःची ओळख द्या. "ओळखलंस का मला?" असं विचारू नका, ती परीक्षा होते आणि नापास होण्याची भीती तिलाही वाटते. "आई, मी आलोय. तू दवाखान्यात आहेस, खुब्याचं ऑपरेशन झालंय, आता रात्रीचे दहा वाजलेत, बाहेर पाऊस आहे." एवढंच, आणि दर अर्ध्या तासानं पुन्हा. मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि घरचंच कॅलेंडर समोर लावा.

वाद घालू नका. ती म्हणाली, कांड्या भरायच्यात, तर "कसल्या कांड्या, माग विकून दहा वर्षं झाली!" म्हणायची गरज नाही. "होय की, पण शेटनी आज सुट्टी दिलीय" म्हटलं की ती शांत व्हायची. खोटं बोलायचं का, असं एका मुलीनं मला विचारलं. मी तरी बोललो. कांड्यांमागे तिची भीती होती, काम राहिलं तर पगार कापतील. त्या भीतीला उत्तर द्यायचं होतं. पण भिंतीवर साप आहे म्हणाली तर "हो, मलाही दिसतो" म्हणू नका. "मला दिसत नाही, पण मी इथं आहे, तुला काही होऊ देणार नाही" हे पुरतं.

दिवसा पडदे उघडे, रात्री दिवा मंद. फिजिओथेरपीवाल्यांनी परवानगी दिली की दिवसातून दोन-तीनदा बसवा, उभं करा. पाणी घोटाघोटानं, पेज किंवा आंबील चालत असेल तर ती, पण पूर्ण जागी असताना आणि बसवूनच. झोपेत असलेल्याच्या तोंडात चमचा घालू नका, श्वासनलिकेत जातं.

आयसीयूत आत सोडतच नाहीत.

पाच मिनिटं मागा, दिवसातून दोनदा. भांडून मिळत नाही. "ती घाबरलीय, माझा आवाज ऐकून शांत होते" असं म्हटलं की बहुतेक सिस्टर ऐकतात. तेही जमलं नाही तर आवाज रेकॉर्ड करून द्या.

हात बांधून ठेवलेत. बघवत नाही.

बांधल्यानं भ्रम बहुधा वाढतो. मनगटावरचे वळ मी पाहिलेत. पण रात्री दोनला एकटी सिस्टर आणि नळ्या उपसणारा रुग्ण, तिचीही बाजू असते. विचारा, कशासाठी बांधलंय? लघवीची नळी ओढतात म्हणून, तर ती नळी आता खरंच हवी आहे का? सलाईन ओढतात म्हणून, तर सुईवर बँडेज गुंडाळून वर लांब बाहीचा सदरा घालता येईल का? आणि "आम्ही पाळीपाळीनं बसतो, सोडा" असं म्हणायचं असेल तर खरंच बसा.

गुंगीचं इंजेक्शन शेवटचा उपाय, रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ आली तरच, आणि कमीत कमी. कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची औषधं चालू असतील तर ते आधी ओरडून सांगा. हॅलोपेरिडॉल हे नेहमीचं औषध त्यांना बाधतं.

गावाकडून भेटायला लोक येतात. नको कसं म्हणू?

आमच्याकडे एक ट्रॅक्स भरून आली होती. अकरा माणसं, केळी, शहाळी आणि पलंगाशी उभं राहून कुजबुज, "आता काय फार दिवस काढत नाही वाटतं." भ्रमातल्या माणसाला ऐकू येतं. एकावेळी एक माणूस, दहा मिनिटं, ओळखीचा चेहरा. बाकीच्यांना खाली कँटीनला चहा पाजा आणि डॉक्टरांनी मना केलंय म्हणून सांगा. डॉक्टरांच्या नावावर हे एक खपतं.

मावशी म्हणतात बाहेरचं आहे, उतारा टाका. देवरसपण बघायचं का?

दृष्ट काढा, अंगारा लावा, यल्लम्माला बोला. मी कुणाच्या श्रद्धेत पडत नाही, माझ्या बायकोनंही मीठ-मोहऱ्या उतरवल्या. फक्त पोटात काही द्यायचं नाही, चालू औषध थांबवायचं नाही, आणि यात एक दिवसही घालवायचा नाही. तसंच हाडवैद्याचं. मोडलेल्या खुब्याला पट्टी बांधून आठ दिवस कण्हत ठेवलेली माणसं भ्रमात जास्त जातात. शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन व्हावं, असं डॉक्टर सांगतात ते यासाठीही.

कोणत्या लक्षणांना सकाळपर्यंत थांबायचं नाही?

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अचानक अडखळणं. हा लकवा असू शकतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही प्रत्येकाला नाही. ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर डॉक्टर दुसरा मार्ग शोधतील, पण घड्याळ तेच. शिवाय फिट येणं, हलवूनही जागं न होणं, धाप, छातीत दुखणं, हुडहुडी भरून ताप. घरी असाल तर १०८ ला फोन करा.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. पडल्याच्या दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखून गुंगी वाढत गेली तर डोक्याचं स्कॅन हवं. विशेषतः रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मेंदूवर हळूहळू रक्त साठू शकतं.

किती दिवसांत उतरतं? पहिल्यासारखी होईल का?

कारण सापडून दूर झालं की बहुतेकांत काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. आईचं सोडियम चौथ्या दिवशी जागेवर आलं, भ्रम जायला मात्र बारा दिवस लागले. रिपोर्ट सुधारला की माणूस लगेच सुधारतं असं नाही, मेंदू मागून लंगडत येतो.

पण भ्रम उतरला तरी काहींची बुद्धी थोडी मंद राहते. हिशोब चुकतो, गोष्ट सांगताना नाव आठवत नाही. १९९८ मध्ये अनेक देशांत मिळून साठीच्या पुढच्या, मोठी ऑपरेशनं झालेल्या १२१८ रुग्णांची पाहणी झाली. आठवड्यानंतर २५.८ टक्क्यांत अशी घट होती, तीन महिन्यांनी ९.९ टक्क्यांत उरली. म्हणजे बरेच जण भरून येतात, सगळे येत नाहीत. आई आता दुधाचा हिशोब ठेवत नाही, तो मी ठेवतो. बाकी शेजारच्या चार घरांची भांडणं तिला तोंडपाठ आहेत.

म्हणजे आता डिमेन्शिया सुरू झाला का?

लगेच ठरवू नका. स्मरणशक्तीची तपासणी भ्रम पूर्ण उतरल्यावर, तीनेक महिन्यांनी करून घ्या. त्या वेळी बी-बारा आणि थायरॉइडही बघायला सांगा. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे आठवून बघा. ऑपरेशनच्या आधी दूध वारंवार उतू जात होतं का? तोच प्रश्न चारदा विचारायच्या का? नेहमीच्या देवळातून येताना वाट चुकल्या का? पुष्कळदा विसराळूपणा आधीपासून असतो, आपण त्याला म्हातारपण म्हणून झाकलेलं असतं आणि ऑपरेशन ते उघडं पाडतं. डेलिरियम झालेल्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका वाढतो हेही खरं, म्हणून त्या तपासणीला टाळाटाळ नको.

भाऊ म्हणतो, दवाखान्यातच सही घेऊन टाकू. जमिनीचा उतारा आईच्या नावावर आहे.

नको. माणूस म्हणून नकोच, कायद्यानंही टिकणार नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या बाराव्या कलमात एक उदाहरणच दिलंय: एरवी शहाणा असलेला माणूस तापाच्या भ्रमात असेल तर तो भ्रम असेतोवर त्याला करार करता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना वात माहीत होता. अंगठा घेतलात तर पुढे कोर्टात भाऊ-भाऊ उभे राहाल.

घरी आणताना काय बघायचं?

डिस्चार्ज कार्डावरच्या औषधांपैकी कोणती किती दिवस, ते एकेक बोट ठेवून विचारा. दवाखान्यात चार दिवसांसाठी सुरू केलेली झोपेची गोळी घरी चार महिने चालू राहिलेली मी पाहिलीय. मेडिकलमधून मनानं सर्दीची किंवा झोपेची गोळी आणू नका. मोरीत धरायला दांडी आणि रबरी चटई, रात्री संडासच्या वाटेवर दिवा. खोली तीच द्या जिथं ती आधी झोपायची. सोय म्हणून मुलाच्या नव्या फ्लॅटवर नेलं की भ्रम पुन्हा उचल खातो.

ऑपरेशन अजून व्हायचंय. आधी काय करून ठेवू?

रोजच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून भूलतज्ज्ञाला दाखवा, आयुर्वेदिक पुड्यासुद्धा. मागं कधी ऑपरेशननंतर असं झालं होतं का, ते सांगा. विसराळूपणा, दारू, तंबाखू, कानानं कमी ऐकू येणं, सगळं सांगा. किती तास उपाशी ठेवायचं ते नेमकं विचारा, "रात्रीपासून पाणीसुद्धा नको" हे आपण मनानं लांबवत जातो. आणि पहिल्या तीन रात्री कोण बसणार, ते आधी ठरवा.

मी तिच्यावर ओरडलो. आता अपराधी वाटतं. तिला हे आठवत असेल का?

काहींना काहीच आठवत नाही, काहींना तुकडे आठवतात आणि त्याची लाज वाटते. तिनं विषय काढला तर सांगा, "ते औषधांमुळं आणि सोडियममुळं झालं, तू वेडी नव्हतीस." हसण्यावारी नेऊ नका. गणपतीत पाहुण्यांसमोर नक्कल तर मुळीच नको.

मीही ओरडलो होतो. तिसऱ्या रात्री, दोन रात्रींचा जागा, तिनं सलाईन उपसलं तेव्हा. ती हात जोडून म्हणाली, "शेटजी, चूक झाली." दिवाळीच्या सुमारास ती सहज बोलून गेली, "दवाखान्यात एक शेट होता बघ, लई वरडायचा माझ्यावर." मी होय म्हणालो आणि चहा ठेवायला आत गेलो. दोन रात्रींच्या वर एकट्यानं बसू नका. बहिणीला, मेहुण्याला, गल्लीतल्या पोराला बोलवा, पैसे देऊन मावशी मिळत असेल तर ठेवा.

आपल्या भागात दाखवायचं कुठं?

ऑपरेशन जिथं झालं तिथंच आधी, कारण कारणं शरीरातली असतात. फिजिशियनला बघायला सांगा. बेळगावात सरकारी बिम्सचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. भ्रम महिनाभरानंतरही रेंगाळला तर धारवाडची डिम्हान्स ही मेंदू आणि मनाच्या आजारांची सरकारी संस्था जवळ पडते. निपाणीकडचे लोक कोल्हापूरला जातात, अथणी-कागवाडकडचे मिरजेला. राज्य ओलांडताना सरकारी योजनेचं कार्ड तिकडे चालतं का, ते भरती व्हायच्या आधी चौकशीच्या खिडकीवर विचारा. फोनवर मनमोकळं बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या: आधी कशी होती, बदल कोणत्या दिवशी कितीला दिसला, त्या दिवशी कोणतं नवीन औषध सुरू झालं, पोट आणि लघवी शेवटची कधी. आईच्या वेळचा तसा कागद अजून फाइलीत आहे. मागे भाजीचा हिशोब लिहिलाय.